एक काना जास्त

काना एकच होता, पण तो जास्त होता.

सकाळी सातच्या सुमाराला प्रूफबाई आपल्या नणंदेला हाताला धरून प्रार्थनाघराच्या फाटकाशी आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. फाटकाच्या आत, बरोबर वाटेच्या तोंडाशी, दोन लोखंडी खांबांवर पत्र्याचा नवा कोरा फलक उभा होता. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. सगळ्यात वर 'पारदर्शकता फलक'. त्याखाली 'शासनाचा प्रार्थनास्थळ सुधारणा निधी'. आणि त्याखाली, 'कामाचे नाव : प्रार्थनाघराच्या आवारात नवीन फारशी बसविणे'.

"फारशी," बाई म्हणाल्या. घासात खडा लागावा तसा त्यांचा चेहरा झाला.

बाईंची सगळी नोकरी सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. शिशाचे खिळे जुळवून ओळी लावायचे दिवस होते ते. जुळाऱ्यानं एक खिळा चुकीचा उचलला की 'मंत्री'चा 'संत्री' व्हायचा, आणि तो छापून गावभर जायच्या आत बाईंच्या लाल पेन्सिलीला सापडायचा. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून एकही संत्री सुटला नाही. गल्लीत त्यांना कुणी काकू म्हणत नसे की आजी, लहानथोर सगळे प्रूफबाईच म्हणत. निवृत्त झाल्या तरी डोळ्यांची खोड काही गेली नव्हती. दुकानांच्या पाट्या, आमंत्रणपत्रिका, औषधाच्या बाटल्या, दिसेल ते त्या तपासत. एकदा शेजारी सांत्वनाला गेल्या आणि निघताना शोकसंदेशातल्या तीन वेलांट्या सुधारून आल्या. घरच्यांनी राग धरला. गेलेल्या माणसाला मात्र बरं वाटलं असेल, असं बाईंना अजूनही वाटतं.

"काय झालं, वहिनी?" नणंदेनं विचारलं.

या नणंदेला, म्हणजे वन्संना, सात-आठ वर्षांपासून उजेड आणि सावली एवढंच कळे. तरी गेल्या वर्षापर्यंत त्या काठी टेकत एकट्या आत जात, तिसऱ्या ओळीत बसत आणि सकाळच्या गाण्यात सगळ्यांच्या वरची पट्टी धरत. मग एके दिवशी आवारातल्या खचलेल्या दगडांत पाय अडकून पडल्या. मनगट मोडलं. तेव्हापासून त्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून आतलं गाणं ऐकत. आत नेणारे हात पुष्कळ होते, पण वन्संचं म्हणणं एकच. "चाळीस वर्षं माझ्या पायांनी गेले. आता कुणी मला उचलून सामानासारखी देवासमोर ठेवायची नाही. फरशी झाली की जाईन." आणि फरशी होणार, निधी मंजूर झालाय, असं विश्वस्तांचे अध्यक्ष दीड वर्ष सांगत होते.

"एक काना जास्त पडलाय," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"फरशीत."

"पडू दे," वन्सं म्हणाल्या. "मी पडले त्यापेक्षा बरं."

पण बाईंच्या डोक्यात तिडीक गेली होती. वन्संना कट्ट्यावर बसवून त्या तडक कोपऱ्यावरच्या पेंटरकडे गेल्या. एक काना पुसायला किती वेळ लागतो? थोडं टर्पेंटाइन आणि फडक्याचा एक फराटा. दहाच्या आत घरी येऊन आमटी टाकू, असा त्यांचा हिशेब होता.

पेंटर शिडीवर बसून एका दवाखान्याची पाटी रंगवत होता. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. सरकारी कार्यालयाचा टंकलेला मजकूर होता आणि त्यात स्वच्छ 'फारशी' होतं.

"मी विचारलं होतं त्यांना," पेंटर म्हणाला. "म्हटलं, साहेब, हे फरशी असेल. तर म्हणाले, तू पेंटर आहेस, पेंटरसारखा राहा. मग राहिलो."

"आता पूस तो काना."

"मी? सरकारी फलकाला हात लावू? उद्या माझाच फलक लागेल, प्रूफबाई. तुम्ही वरून कागद आणा, मी दोन मिनिटांत काना उडवतो."

बाईंनी आमटी टाकली, पण मन आमटीत नव्हतं. आणि गल्लीत एखाद्याचं मन आमटीत नसलं की ते शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून कळतं. संध्याकाळपर्यंत सल्ल्यांची रांग लागली.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "चूक आहे असं गृहीत का धरता? फारशी ही एक थोर भाषा आहे. शासन तिचे वर्ग बसवत असेल. 'वर्ग बसविणे' हा प्रयोग शुद्ध आहे."

"प्रार्थनाघराच्या आवारात?"

"मोकळी जागा आहे."

तळमजल्यावरच्या वकिलांनी सांगितलं, अर्ज करा, पण त्यात 'चूक' हा शब्द घालू नका. चूक म्हटली की कुणाची तरी चूक होते, आणि कुणाची तरी झाली की ती बदनामी होते. 'कान्याचे आधिक्य' म्हणा. समोरच्या मावशींनी कानाला हात लावले. म्हणाल्या, "देवाच्या कामात खोड काढू नये हो. उगाच पाप."

"देवानं नाही लिहिलेलं ते," बाई म्हणाल्या. "देवाचं शुद्धलेखन चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी बाई कार्यालयात गेल्या. दारातच शिपायानं अडवलं आणि पायाखालच्या गोणपाटाकडे बोट केलं. "पाय पुसून घ्या. नीट पुसा. फरशी नवीन आहे, दोनच महिने झालेत."

बाईंनी पाय पुसले. शिपायाचं समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा पुसले. देवाच्या दारातही कुणी इतके पाय पुसायला लावत नाही. आत खरोखरच लांबलचक व्हरांडाभर चकचकीत फरशी होती, दुधी रंगाची, प्रत्येक फरशीवर चार पाकळ्यांचं निळं फूल. चौथ्या खिडकीसमोर रांग होती.

"बोला," खिडकीतल्या बाई मान वर न करता म्हणाल्या.

"एक काना काढायचाय."

"कान? मग दवाखान्यात जा ना."

"कान नव्हे. काना. तुमच्या फलकावरचा. फरशीचं फारशी झालंय."

खिडकीतल्या बाईंनी आता मान वर केली. त्यांच्या नजरेत एक प्रकारची दया होती. "आजी, तो फलक पारदर्शकतेचा आहे. त्यावरचा मजकूर मंजूर मजकूर असतो. त्यातलं एक अक्षर काढायचं म्हणा, घालायचं म्हणा, तीन टेबलांची सही लागते. धार्मिक बाबी, बांधकाम आणि जनसंपर्क. एका टेबलाचे साहेब रजेवर असले तर बाकीची दोन सही करत नाहीत."

"आणि चुकीचं लिहायला किती टेबलं लागली?"

"अर्ज द्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

बाईंनी अर्ज दिला. 'कान्याचे आधिक्य' असं लिहायला हात धजेना, म्हणून 'फलकावरील शब्द "फारशी" असा असून त्यातील काना अनावश्यक आहे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग पोच हवी म्हणून बसल्या. पोच द्यायचा शिक्का ज्यांच्याकडे होता ते जेवायला गेले होते. दुसऱ्या दिवशी ते आले होते, पण शिक्क्याची शाई संपली होती. तिसऱ्या दिवशी शाई आली, तेव्हा अर्जावर चुकीची तारीख आहे असं निघालं, कारण अर्ज पहिल्या दिवशीचा होता. असे चार दिवस बाई व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर बसल्या. वाचायला काही नव्हतं. मग त्यांनी फरशी वाचली.

एक ओळ डावीकडून उजवीकडे, मग पुढची ओळ. चार पाकळ्या, चार पाकळ्या, चार पाकळ्या. आणि बाकापासून सहाव्या ओळीत, भिंतीकडून तिसऱ्या फरशीवर फुलाला तीनच पाकळ्या होत्या. चौथी छापायची राहिली होती. बाईंचा जीव कासावीस झाला. लाल पेन्सिल असती तर त्यांनी समासात खूण केली असती, पण फरशीला समास नसतो.

चौथ्या दिवशी पोच घेऊन घरी आल्या तेव्हा वन्सं लसूण सोलत बसल्या होत्या. बोटांना डोळे असल्यासारख्या त्या सोलत.

"वाचा तरी, एवढं काय लिहून आलात," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी अर्जाची नक्कल वाचली. सोबत फलकाचा पूर्ण मजकूर जोडला होता, तोही वाचला, एकेक अक्षर तोलून. "'कामाचे नाव : प्रार्थनाघराच्या आवारात नवीन फारशी बसविणे.' इथं काना. 'कामाची स्थिती : काम पूर्ण.' इथं चूक नाही. पूर्णचा रफार, ऊकार, णसुद्धा बरोबर आहे."

लसणीची पाकळी वन्संच्या बोटांत तशीच राहिली.

"वहिनी, कुठलं काम पूर्ण?"

बाईंनी कागदाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. शब्द जागच्या जागी होते. दोन्ही शुद्ध होते. आणि दोन्ही खोटे होते.

मुद्रितं तपासणारा माणूस मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. पहिल्याच दिवशी हेडप्रूफरीडरनी बाईंना बजावलं होतं, अर्थाकडे बघाल तर चूक सुटेल. त्या नियमानं बाई एकतीस वर्षं वागल्या आणि एकही चूक सुटली नाही. आता मात्र एवढी मोठी चूक सुटली होती, की जिच्यामागच्या दगडांत एका आंधळ्या बाईचं मनगट मोडलं होतं. पाच दिवस त्या रोज फलक वाचत होत्या. फलकाच्या मागे काय आहे, हे बघायला त्यांनी मान वळवली नव्हती. आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाच ते दिसलं नसतं, कारण पारदर्शकता फलक पत्र्याचा होता आणि खचलेल्या दगडांच्या बरोबर पुढे रोवला होता.

"मला दिसत नाही म्हणून मी विचारलं," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं झाली असेल फरशी, मलाच कुणी सांगितलं नसेल."

हे ऐकून बाईंना जो राग आला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. कान्या-मात्रांचा राग डोक्यात यायचा आणि खोडरबरानं जायचा. हा पोटात गेला आणि तिथंच बसला. त्यांनी त्याच बैठकीला दुसरा अर्ज लिहिला. 'फरशी बसविलेली नाही. काम पूर्ण म्हणजे कुठले काम? मला फाइल पाहायची आहे.' या अर्जात त्यांच्या हातून 'पाहायची' मधला काना लिहायचा राहिला आणि त्यांनी तो घातला, पण त्याआधी क्षणभर थांबल्या, हेही खरं.

हा अर्ज गेला आणि तिसऱ्या दिवशी विश्वस्तांचे अध्यक्ष स्वतः जिना चढून घरी आले. अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं आणि बोलणंही कापडासारखंच, लागेल तेवढं फाडून देत.

"प्रूफबाई, तुम्ही म्हणे देवाच्या घरावर चिखलफेक करताय."

"चिखल आवारातच आहे. फेकायला कशाला हवा?"

"अहो, निधी आला हेच केवढं. किती वर्षं मी खेटे घातले. आता आपल्याच माणसांनी असं बोट दाखवलं तर पुढचा निधी त्या दुसऱ्यांच्या प्रार्थनाघराला जाईल. चालेल तुम्हाला?"

आतल्या खोलीतून वन्संचा आवाज आला, "जाऊ द्या की, अध्यक्ष. त्यांनाही पत्राच मिळेल. फरशी थोडीच जाणार आहे."

अध्यक्षांनी चहा अर्धा टाकला. जाताना जिन्यात मास्तरांना म्हणाले, म्हाताऱ्या नास्तिक झाल्या. मास्तरांनी हे वर जाऊन ताबडतोब बाईंना सांगितलं, वर 'म्हाताऱ्या' हे अनेकवचन आहे याकडेही लक्ष वेधलं.

मग कार्यालयाचं उत्तर आलं. बाईंनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग वन्संना वाचून दाखवलं, कारण एकटीनं वाचण्यासारखं ते नव्हतंच.

'आपल्या पहिल्या अर्जात आपण स्वतःच नमूद केल्यानुसार फलकावरील शब्द "फारशी" असा आहे. मंजुरीच्या मूळ आदेशातही "फारशी" असाच उल्लेख असून "फरशी" हा शब्द कोठेही आढळून येत नाही. सबब, फरशी बसविली नसल्याबाबतची आपली तक्रार गैरलागू असून ती निकाली काढण्यात येत आहे.'

"म्हणजे तुमच्याच कान्यानं तुमचा गळा कापला," वन्संनी सार सांगितलं.

बाईंनी चष्मा पुसला, पदर खोचला आणि निघाल्या. मागून वकील जिन्यातून ओरडून सांगत होते, की फाइल दाखवणं त्यांना नाकारता येत नाही, नियम आहे, नियमाचा नंबर सांगू का. बाईंना नंबर नको होता.

फाइल दाखवायला कार्यालयानं सकाळचे अकरा ते दुपारचे तीन घेतले. आधी ती नव्हती. मग होती, पण दुसऱ्या फाइलीत होती. मग सापडली, पण ज्यांच्या समोर दाखवायची ते नव्हते. बाई त्याच बाकावर बसून होत्या. शेवटी खिडकीतल्या बाईंनीच फाइल आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "आजी, लवकर बघा. साहेब चहाला गेलेत."

पहिलं पान, दुसरं पान, सह्या, शिक्के. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. खाली फोटो चिकटवलेला. फोटोत खरोखरच नवीन फरशी होती, चकचकीत, दुधी रंगाची, निळ्या फुलांची. कोपऱ्यात एका लाकडी बाकाचा पाय दिसत होता.

बाईंनी सवयीनं ओळीनं वाचायला सुरुवात केली. चार पाकळ्या, चार पाकळ्या. सहाव्या ओळीत तिसऱ्या फरशीवर बोट थांबलं.

तीन पाकळ्या.

त्यांनी फोटोवरून नजर काढली आणि पायाखाली पाहिलं. मग पुन्हा फोटो. मूळ प्रत आणि मुद्रित शेजारी ठेवून ताडून बघणं, हाच तर त्यांचा धंदा होता. बाक तोच. पाय तोच. फूल तेच, तीनच पाकळ्यांचं.

तर फरशी बसली होती. फक्त पत्ता चुकला होता.

चहा पिऊन साहेब आले तेव्हा व्हरांड्याच्या मधोमध एक वृद्ध बाई गुडघ्यावर बसून फरशीवर फोटो टेकवून बघत होती आणि भोवती रांगेतली माणसं वाकून उभी होती. एका रिक्षावाल्यानं तर मोजायलाही सुरुवात केली होती. साहेबांनी बाईंना अदबीनं आत नेलं, खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. साहेबांचं वय बाईंच्या मुलाएवढं असेल, आणि आवाज मधात बुडवून काढल्यासारखा.

"ताई, ही केवळ तात्पुरती व्यवस्था आहे. निधी पडून राहिला असता तर परत गेला असता. म्हणून आधी इथं वापरला. लोकांचीच सोय ना. इथंही लोकच येतात."

"इथं लोक पाय पुसून येतात," बाई म्हणाल्या. "तिथं पाय मोडून."

"तुमचं मूळ म्हणणं कान्याचं होतं ना? मग आपण काना काढू. सन्मानानं काढू. तीन टेबलं आहेत, मी तिन्ही टेबलांशी बोलतो."

आणि नवल म्हणजे, ज्या सह्यांना महिने लागतात त्या चोवीस तासांत झाल्या. येत्या रविवारी सकाळी 'पारदर्शकता फलक शुद्धीकरण' असा कार्यक्रम ठरला. आमंत्रणपत्रिका निघाल्या. बाईंना आली तीत 'शुद्धीकरण' शब्द 'शुध्दीकरण' असा छापला होता. बाईंनी ती न सुधारता टेबलावर ठेवली. हे कळताच सगळी गल्ली घाबरली.

रविवारी फाटकाशी खुर्च्या मांडल्या होत्या. अध्यक्ष फुलांचा गुच्छ घेऊन उभे. पेंटर शिडीवर, डबा आणि ब्रश घेऊन. वन्सं आपल्या कट्ट्यावर काठी टेकून. बाईंना पहिल्या रांगेत बसवलं आणि साहेब बोलायला उभे राहिले. पारदर्शकता ही लोकशाहीची खिडकी आहे, म्हणाले. जागरूक ज्येष्ठ नागरिक हे खिडकीचे गज आहेत, म्हणाले. एका पेंटरच्या निष्काळजीपणामुळे शासनाची नाहक बदनामी झाली, पण शासन मोठ्या मनाचं आहे, असंही म्हणाले.

शिडीवर पेंटरचा ब्रश थांबला. त्यानं खिशावर हात ठेवला, जिथं तो घडी केलेला कागद होता, आणि खाली बाईंकडे पाहिलं. मग टर्पेंटाइनचं फडकं फिरवून त्यानं काना पुसला. टाळ्या झाल्या. फलकावर आता 'फरशी' होतं, निर्मळ आणि निर्दोष. त्याच्या मागे दगड होते तसेच होते.

साहेबांनी एक कागद पुढे केला. "इथं फक्त सही, ताई."

या खेपेला बाईंनी अक्षरं वाचली नाहीत, मजकूर वाचला. 'फलकाबाबतची तक्रार दुरुस्त करण्यात आली असून काम पूर्ण आहे. तक्रारदाराचे समाधान झाले आहे.'

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

"ते कधी झालं?"

साहेब हसले. भोवतालचेही हसले, म्हातारीचं गमतीचं बोलणं म्हणून. बाई हसल्या नाहीत. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो कागदांवर सही केली होती, 'छापण्यास योग्य' अशी. ज्याखाली त्यांची सही, तो मजकूर पक्का. ती सही कुणी कधी हात पसरून मागितली नव्हती, ती आपोआप मिळत असे, काम नीट असलं तर. आणि आता हा मुलगा फुलं आणि टाळ्या दाखवून एका खोट्यावर ती मागत होता. त्याहून वाईट म्हणजे त्याला खात्री होती, की मिळेल.

त्या उठल्या. साहेबांना वाटलं सहीसाठी. त्या फलकाजवळ गेल्या आणि पेंटरला म्हणाल्या, "जरा उतर खाली. ब्रश दे."

पेंटरनं साहेबांकडे पाहिलं, मग खिशाकडे. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला, कडेला निथळला आणि दोन्ही हातांनी बाईंना दिला. "शिडी मी धरतो, प्रूफबाई."

बाई तीन पायऱ्या चढल्या. 'काम पूर्ण' मधल्या जागेखाली त्यांनी आधी एक लहान टोकदार खूण केली, राहिलेलं अक्षर घालण्याची, जी त्यांनी आयुष्यभर समासात केली होती. आणि त्या खुणेवर, शेजारच्या अक्षरांच्याच उंचीचा, एक 'अ' लिहिला.

'कामाची स्थिती : काम अपूर्ण.'

"एक अक्षर राहिलं होतं," त्या खाली येत म्हणाल्या.

साहेबांच्या आवाजातला मध उतरला. "पुसा ते. ताबडतोब पुसा."

पेंटर शिडीच्या पायाशी उभा होता. त्यानं फडक्याची नीट घडी घातली. "साहेब, मंजूर मजकुरात बदल आहे. तीन टेबलं लागतील. मी पेंटर आहे, पेंटरसारखा राहतो."

मागून कट्ट्यावरून वन्सं विचारत होत्या, "काय लिहिलं, वहिनी? कुणी सांगेल का मला?" आणि समोरच्या मावशी, ज्यांना देवाच्या कामात खोड काढलेली खपत नव्हती, त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. मग अध्यक्षांच्या हातातून गुच्छ घेऊन त्यांनी तो पेंटरला दिला, कारण कुणाला तरी द्यायचाच होता.

तो 'अ' पुसायला महिना लागला, आणि तरी पुसला गेला नाही. धार्मिक बाबींचं टेबल म्हणे सही करायला तयार होतं, पण बांधकामाचं म्हणालं, पुसला तर काम पूर्ण असल्याचं आम्ही पुन्हा लिहून दिल्यासारखं होईल, आणि आता लोक मागे जाऊन बघतात. खरंच बघत होते. रस्त्यानं जाणारा माणूस फलक वाचायचा, मग पत्र्याला वळसा घालून मागे डोकवायचा. शाळेतली मुलं दगड मोजून जायची.

शेवटी एका मंगळवारी सकाळी टेम्पो आला. दोन गवंडी उतरले आणि फरश्या उतरवू लागले. दुधी रंगाच्या, निळ्या फुलांच्या, कडेला जुनं सिमेंट चिकटलेल्या. कार्यालयाचा व्हरांडा म्हणे रातोरात उखडला होता आणि शिपाई गोणपाट घेऊन मोकळाच बसला होता.

बाई स्टूल टाकून फलकाखाली बसल्या. एकेक फरशी त्यांच्या समोरून जात होती. दुपारी गवंड्यानं एक फरशी वर धरून पाहिली. "हिची छपाई चुकलीये, आजी. एक पाकळी कमी आहे. बाजूला टाकू?"

आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी एखादी चूक तशीच ठेवायला सांगितली. "हात लावू नकोस. अगदी वाटेत बसव, सगळ्यांना दिसेल अशी. ते प्रूफ आहे."

संध्याकाळपर्यंत फरश्या संपल्या. व्हरांडा कितीही लांब असला तरी आवाराएवढा रुंद नव्हता. गवंड्यांनी हात धुतले आणि त्यांच्यामागोमाग कार्यालयाचा माणूस पेंटरला घेऊन आला. त्याच्या हातात कागद होता, तिन्ही टेबलांच्या सह्यांचा. आता काम झालं, 'अ' पुसायला हरकत नाही, असं त्याचं म्हणणं.

"थांबा," वन्सं म्हणाल्या.

त्या कट्ट्यावरून उठल्या. बाईंनी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. फाटकातून आत शिरून त्या एकट्या काठी टेकत निघाल्या. टक, टक, टक. फलकाला वळसा. टक, टक. तीन पाकळ्यांच्या फुलावरून पुढे. आत प्रार्थनाघरात संध्याकाळचं गाणं सुरू होत होतं. टक. टक. मग काठी खाली गेली आणि आवाज बदलला. थप्प.

पायऱ्या अजून चार पावलांवर होत्या, आणि ती चार पावलं जुन्या खचलेल्या दगडांचीच होती, जिथं त्या पडल्या होत्या.

वन्सं शेवटच्या फरशीवर उभ्या राहिल्या, काठीनं तिची कड चाचपली आणि मागे वळल्या.

"फरशी आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "फारशी नाही."

कार्यालयाच्या माणसानं हातातल्या कागदाची घडी घातली. पेंटरनं रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. फलकावरचा 'अ' अंधार पडेपर्यंत दिसत होता, आणि वन्सं तिथं, चार पावलं अलीकडे उभ्या राहून, आतल्या सगळ्यांच्या वरची पट्टी धरून गात होत्या.